तण औषध पचवतं तेव्हा

गड्या, सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर हे तणनाशक मारून केना हे तण जिवंत राहिलं की लगेच दुकानदाराला शिव्या घालू नकोस. आधी स्वतःचा पंप बघ. एकरी ४०० मिली सांगितलेलं असताना तू २५० वर भागवलंस ना? आपल्या लातूरकडं हे सर्रास चालतं.

सोयाबीन त्या औषधानं का मरत नाही? ते पोटात गेलं की पिकातली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करून टाकतात. तणाच्या हजारो रोपांतही एखादं असं पचवणारं असतंच. कमी मात्रेत नेमकं तेच वाचतं, बी टाकतं. पुढं अशांचाच संकर होत गेला की पचनशक्ती पिढीगणिक वाढते. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्ली-दंडा या तणानं १९९० च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक असंच पचवलं, अगदी गव्हासारखं.

वाईट भाग पुढंच आहे. ही विकरं एकाच औषधाची नसतात, कधी न मारलेलं दुसऱ्या गटातलं औषधही ती मोडू शकतात. म्हणून नुसता डबा बदलून भागेलच असं नाही.

तण दोन-चार पानांवर असताना पूर्ण मात्रा मार, वापसा आला, म्हणजे रान कोळपण्याजोगं सुकलं, की कोळपं घाल. उरलेलं तण फुलायच्या आत खुरप्यानं काढ, मजुरी लागली तरी.