बांबूचा ऑर्गन खरंच वाजतो का?

हो, वाजतो, आणि आजही वाजतो. तुम्ही विचारताय तो फिलिपिन्समधल्या लास पिन्यासच्या सेंट जोसेफ चर्चमधला, नळ्यांत हवा सोडून वाजवायचा मोठा ऑर्गन. आज तो भाग मनिलाच्या महानगरात गेलाय, पण ऑर्गन घडला तेव्हा ते मिठागरांचं साधं गाव होतं. तिथले स्पॅनिश पाद्री दिएगो सेरा यांनी 1816 मध्ये काम सुरू केलं, ते 1824 मध्ये संपलं. एकूण 1,031 नळ्या, त्यातल्या 902 बांबूच्या! तुतारीसारखा खणखणीत आवाज देणाऱ्या नळ्या मात्र धातूच्या आहेत.

बांबू कीड पोखरते, हे आपल्याकडे कोकणात कुणालाही सांगायला नको. सेरांनी तोडलेले बांबू आधी किनाऱ्यावरच्या वाळूत कित्येक महिने पुरून ठेवले आणि त्यातून टिकले तेच वापरले. मला तरी या वाद्याची खरी करामत इथेच दिसते. स्वर लावणं पुढचं काम, आधी बांबू टिकला पाहिजे.

पुढे भूकंप आणि वादळांनी ऑर्गनचे फार हाल झाले. 1973 मध्ये तो सुटा करून दुरुस्तीसाठी जर्मनीत बॉनच्या क्लाइस या ऑर्गन बनवणाऱ्या कारखान्यात नेला. बांबूला तिथली कोरडी हवा सोसली नसती, म्हणून फिलिपिन्ससारखी दमट, उबदार हवा असलेली खास खोली तयार केली होती. 1975 मध्ये तो घरी परतला.

दरवर्षी साधारण फेब्रुवारीत तिथे ऑर्गन महोत्सव भरतो. जमलं तर तेव्हाच जा. बासरी ऐकत वाढलेल्या कानांना तो मऊ, फुंकरीचा स्वर परका वाटणार नाही.