बाइकसाठी जीपीएस: आधी कान, मग स्क्रीन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर घोडबंदर रोडला, ऑफिस महापेला, बाइक साडेतीनशे सीसीची. पावसाळ्यात माळशेज-ताम्हिणी होतं आणि पुढेमागे लडाखचा विचार आहे. हँडलला लावून लावून फोनचा कॅमेरा थरथरायला लागलाय, म्हणून बाइकसाठी वेगळं जीपीएस घ्यावं का? आणि घेतलं तर गार्मिनचं, की फोन जोडून चालणारी ती अँड्रॉइड ऑटोची स्क्रीन?

माझं मत आधीच सांगतो. पहिले पैसे हेल्मेटमधल्या ब्लूटूथ सेटवर घाला, दुसरे नीट वायरिंगवर. स्क्रीनचा नंबर तिसरा. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद नजर खाली गेली, तर बाइक ३३ मीटर पुढे गेलेली असते. मेट्रोच्या खांबांशेजारून, खड्डे चुकवत, बाजूने टँकर जात असताना हे ३३ मीटर फार महाग पडतात. स्क्रीन सहा इंची असो की चार, नजर खाली जायची ती जातेच. ‘पुढे डावीकडे’ हे कानात ऐकू आलं की मान हलवायचं कारण उरत नाही. आवाज मात्र इतकाच ठेवा की मागचा हॉर्न ऐकू येईल. गाणी लावू नका.

आता एक गैरसमज दूर करू, कारण निम्मी खरेदी त्यावरच होते. ‘माळशेजला फोनचं जीपीएस बंद पडतं, म्हणून वेगळं मशीन हवं’ असं सर्रास म्हणतात. घाटात बंद पडतं ते मोबाइलचं नेटवर्क. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून सिग्नल पाठवत असतात, त्यांना टॉवर लागत नाही. नेटवर्क गेलं की फोनला नकाशाचा पुढचा तुकडा मिळत नाही, म्हणून निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर फिरत राहतो. नकाशा आधीच डाउनलोड केलेला असेल तर साधा फोनही माळशेजच्या पायथ्याच्या टोकावड्याच्या पुढे व्यवस्थित रस्ता दाखवतो. गुगलचा ऑफलाइन नकाशा घेतलात तर घरीच फोन विमान मोडवर टाकून बघा, रस्ता बाइकचा काढतोय की चारचाकीचा. मी घाटासाठी ऑसमअँड हे ऑफलाइन नकाशांचं ॲप वापरतो. त्यात मोटरसायकलचा वेगळा प्रोफाइल आहे, जिल्हेच्या जिल्हे फोनमध्ये मावतात आणि कुणी दिलेली जीपीएक्स फाइल, म्हणजे आखून ठेवलेला रस्ता, तीही उघडते.

रोजच्या रस्त्याची अडचण वेगळी आहे. माजिवडा, कापूरबावडी, पुढे ठाणे-बेलापूर रोड, सगळीकडे फ्लायओव्हर आणि त्याच्या पोटातला रस्ता एकमेकांवरून जातात. जीपीएसची चूक आडवी काही मीटर असते, उंचीची त्याहून जास्त, त्यामुळे तुम्ही वर आहात की खाली हे कुठल्याच मशीनला खात्रीने कळत नाही. चाळीस हजारांचं घ्या की फुकटचं ॲप वापरा, मर्यादा तीच. उपयोग होतो तो आधी मिळणाऱ्या सूचनेचा. गुगलने २०२४ मध्ये आपल्याकडे फ्लायओव्हर घ्यायचा की नाही हे सांगायला सुरुवात केली, आणि मॅपल्स या भारतीय नकाशा ॲपमध्ये मोठ्या जंक्शनचं चित्रच दिसतं. हेल्मेटमध्ये आवाज असेल तर यातल्या गुगलच्या सूचनेचा खरा फायदा होतो. शिवाय विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलंय, कळव्याला गाड्या अडकल्यात, तेव्हा ऐरोली पुलावरून जावं की मुंब्रा बायपासने शिळफाट्यावरून महापे गाठावं, हे ताज्या ट्रॅफिकवरूनच ठरतं. ती माहिती इंटरनेटवरूनच येते. महागडं मशीन घेतलं तरी त्यासाठी ते फोनलाच जोडावं लागतं.

उंच टॉवरांच्या मधून जाताना ठिपका बाजूच्या गल्लीत उडी मारत असेल, तर त्याचं कारण इमारतींवर आपटून येणारा सिग्नल. एल१ आणि एल५ अशा दोन्ही फ्रीक्वेन्सी पकडणाऱ्या फोनमध्ये हे बरंच कमी होतं. जीपीएससारखीच आपली भारतीय यंत्रणा नाविक, तिचे उपग्रहही एल५ वर सिग्नल देतात. पुढचा फोन घेताना माहितीपत्रकात एल५ लिहिलंय का, ते तपासून घ्या.

बाइकवाल्यांनी ज्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं, ती गोष्ट दुकानदार सांगत नाही: मशीनला तुम्ही दुचाकीवर आहात हे माहीत आहे का? ठाण्याच्या आजूबाजूचे नवे मोठे रस्ते आपल्यासाठी बंद आहेत. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, तो २१.८ किलोमीटरचा आहे, पण दुचाकीला प्रवेश नाही. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. आमणे आपल्याच जिल्ह्यात, भिवंडीजवळ. तिथेही दुचाकीला मनाई. पुण्याला जाताना कळंबोलीहून एक्सप्रेसवे नाही, तर चौक-खोपोलीचा जुना रस्ता. मुंबईत जेजे फ्लायओव्हर, सी लिंक, कोस्टल रोड, सगळीकडे तेच. चारचाकीच्या हिशेबाने चालणारं मशीन नाशिकला जाताना तुम्हाला समृद्धीच्या तोंडाशी नेऊन सोडतं आणि रात्रीच्या पावसात तिथून उलटं फिरायचा रस्ता शोधणं धोक्याचं असतं. गुगलने टू-व्हीलर मोड डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा आणला तो भारतातच. तो मोड स्क्रीनवरही चालायला हवा, म्हणून ती अँड्रॉइड ऑटोची स्क्रीन घ्यायची झाली तर दुकानात उभं राहून स्वतःचा फोन जोडा, उलवे ते शिवडी रस्ता काढा आणि तो अटल सेतूवरून नेतोय का बघा. नेत असेल तर स्क्रीन कितीही झकास असली तरी परत ठेवा. गार्मिनलाही हीच परीक्षा. सोबत भारताचा कोणता नकाशा आहे आणि अपडेटचे पैसे पडतात का, हेही विचारा.

कॅमेऱ्याबद्दल तुमचा संशय बरोबर आहे. चांगल्या फोनमध्ये चित्र स्थिर ठेवण्यासाठी लेन्स तरंगती ठेवलेली असते. इंजिनची थरथर हँडलमधून तिथे पोचत राहिली की ती यंत्रणा खराब होते. ॲपलने २०२१ मध्ये याबद्दल जाहीर सूचनाच दिली होती. मोठा सिंगल सिलिंडर असेल तर थरथर आणखी. डॅम्परवाला, म्हणजे थरथर शोषून घेणारा माउंट घेतला तर त्रास कमी होतो, पण मुख्य फोन हँडलला लावूच नये, या मताचा मी आहे. घरात पडलेला जुना, साध्या कॅमेऱ्याचा फोन लावा आणि खिशातल्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवा. एप्रिल-मेच्या उन्हात स्क्रीन मंद होईल, चार्जिंग थांबेल. आयफोनसाठी कंपनीने सांगितलेली मर्यादाच ३५ अंशांची आहे आणि ठाण्यात दुपारी ती सहज ओलांडते. पावसात टचवर थेंब पडले की फोन स्वतःच बटणं दाबत सुटतो, तेव्हा निघण्याआधी रस्ता लावून स्क्रीन लॉक करा. आवाज चालूच राहतो.

मग गार्मिनच्या झूमोसारखं बाइकचं खास मशीन कुणी घ्यावं? उन्हात स्वच्छ दिसणारी स्क्रीन, ग्लोव्ह्जने चालणारा टच, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची क्षमता, थरथरीला न जुमानणारी बांधणी. हे सगळं खरं आहे आणि पंधरा-वीस दिवस सलग दूरच्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्याची किंमत वसूल होते. महापेच्या रोजच्या फेरीसाठी आणि चार घाटांसाठी मी ते घ्या म्हणणार नाही. लडाख पक्कं झालं की तेव्हा पुन्हा विचार करा. तिथे बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, म्हणून ऑफलाइन नकाशा हवाच.

लडाखवरून एक गंभीर गोष्ट. गार्मिनचंच इनरीच नावाचं उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र मिळतं. परदेशातून कुणाकडून मागवू नका. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे आणि ते जवळ सापडल्यामुळे विमानतळांवर पर्यटक अडकलेले आहेत. फक्त सिग्नल घेणाऱ्या साध्या जीपीएसला ही अडचण नाही. फोन नेव्हिगेशनसाठी वापरायलाही हरकत नाही. ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तशी मुभा आहे, फक्त चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होता कामा नये.

वायरिंग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बॅटरीवरून थेट लाइन, बॅटरीजवळच फ्यूज आणि मध्ये चावीवर चालू-बंद होणारा रिले. बीएस-६ बाइकची मूळ वायर कापायची नाही, हे त्याला आधीच बजावा. चार्जर किमान १८ वॅटचा असू दे, नाहीतर पूर्ण ब्राइटनेसवर नकाशा चालू असताना चार्जिंग लावूनही बॅटरी उतरत जाते. आणि पावसात फोनच्या चार्जिंगच्या तोंडाशी पाणी गेलं की तो चार्ज घेत नाही, तेव्हा केबल खालून वर येईल अशी फिरवून बांधायला सांगा.