राबतो मी, भरवसा मात्र दुसऱ्यावर

"सगळ्यात जास्त मी राबतो, पण महत्त्वाचं काम आलं की साहेब दुसऱ्यालाच हाक मारतात." ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. सयाजीराव विद्यापीठातली मुलंही हेच सांगतात, फक्त साहेबांच्या जागी ग्रुप प्रोजेक्टमधले मित्र असतात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातला 26 वर्षांचा एक मुलगा हेच घेऊन आला होता. (त्याची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिते आहे.) मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कंपनीत तो ग्राहकांसाठी कोटेशन तयार करतो. हुशार, कुणाच्याही मदतीला धावणारा, रात्री आठ-आठपर्यंत थांबणारा. कुणी काही मागितलं की याचं उत्तर ठरलेलं : "थई जशे (होऊन जाईल), संध्याकाळपर्यंत देतो." शेजारच्या टेबलावरचा सहकारी मात्र वेळेवर घरी जातो आणि मोठे ग्राहक त्याच्याकडे. याच्या मते त्याचं कारण एकच, चमचेगिरी.

मी त्याला एका वहीत तीन रकाने आखायला सांगितले. काय कबूल केलं, कधी देतो म्हणालो, प्रत्यक्षात कधी दिलं. दोन आठवड्यांनी वही घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. 'संध्याकाळ' म्हटलेली बहुतेक कोटेशनं दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी गेली होती. आपल्याला क्वचितच उशीर होतो, असं तो मनापासून मानत होता. कारण प्रत्येक उशिरामागे वेगळं निमित्त होतं. कधी परचेसकडून (खरेदी विभागाकडून) मालाचा भाव आला नाही, कधी सही करणारे जागेवर नव्हते. तो प्रत्येक वेळ अपवाद म्हणून सोडून देत होता आणि अंदाज बांधताना फक्त स्वतःचा कॉम्प्युटरवरचा तासभर मोजत होता.

हे त्याच्या एकट्याचं नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या माणसाच्या या सवयीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. 1994 मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी अंदाज आला सुमारे 34 दिवसांचा, प्रत्यक्षात लागले 55 हून जास्त. सगळंच बिघडलं तर किती लागतील, याचं उत्तरही कमीच पडलं. म्हणून मी त्याला सांगितलं, तारीख मनाने ठरवू नकोस, वही बघून सांग.

पण वहीत न दिसणारी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. काम आज होत नाही, हे त्याला दुपारी तीनलाच कळलेलं असायचं. तो बोलायचा नाही. का? "ओरडतील म्हणून." तोवर साहेबांनी ग्राहकाला शब्द देऊन टाकलेला असायचा आणि संध्याकाळी खोटे पडायचे ते. उशीर लोक बऱ्याचदा पोटात घालतात, तोंडघशी पडलेलं विसरत नाहीत. तीनला केलेला फोन आणि सातला सांगितलेलं कारण यात फार अंतर आहे.

"पण मॅडम, तो माझ्यापेक्षा कमी काम करतो!" करत असेल. मेयर, डेव्हिस आणि शूरमन या अभ्यासकांनी 1995 मध्ये विश्वासाचे तीन आधार मांडले : कुवत, समोरच्याबद्दलची आस्था आणि सचोटी. याच्या कुवतीबद्दल आणि आस्थेबद्दल ऑफिसात कुणालाच शंका नव्हती. सचोटीत दिलेला शब्द पाळणंही येतं, तिथे तो कमी पडत होता.

त्याला सगळ्यात जड गेलं ते नाही म्हणणं. मोठ्यांना नकार द्यायचा नाही, हे घरात लहानपणापासून मुरलेलं. मी साहेब झाले आणि आम्ही तालीम केली : "सर, आज नाही होणार. परचेसचा भाव उद्या येतो. परवा दुपारी बारापर्यंत देतो, चालेल?" पहिल्यांदा त्याचा आवाजच फुटेना. एक सांगायला हवं, वहीतून तीन माणसांचं काम एकाच्या डोक्यावर असल्याचं दिसलं, तर ती वही वरिष्ठांना दाखवायची, स्वतःला दोष देत बसायचं नाही.

पुढे त्याने आपणहून एक केलं, ते मला फार आवडलं. ज्याला चमचा म्हणत होता, त्यालाच जाऊन विचारलं, तू तारीख कशी ठरवतोस? तो म्हणाला, आधी परचेसला फोन करतो, मगच ग्राहकाला सांगतो. आता हाही तसंच करतो. मोठे ग्राहक अजून शेजारच्याकडेच आहेत आणि ते बदलायला वेळ लागेल, हे त्याला पटलं आहे. मार्चअखेरच्या गर्दीत मात्र साहेबांनी एक टेंडर याच्याकडे दिलं आणि मध्ये एकदाही "झालं का?" म्हणून फोन केला नाही.