वाचकांचे प्रश्न : डेंटल स्कूलच्या आधी कोणती पदवी घ्यावी?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी यंदा हायस्कूल संपवते आहे आणि तिला दंतवैद्य व्हायचे आहे. राज्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. शिवाय एका खासगी विद्यापीठाने पदवी व डेंटल स्कूल मिळून सात वर्षांचा जोडअभ्यासक्रम देऊ केला आहे. तिची ओढ अर्थशास्त्राकडे आहे, पण ओळखीचे सगळे बायोलॉजीच घ्यावे लागते असे सांगतात. आम्ही काय निवडावे?

उत्तर : भारतात बारावीनंतर ‘नीट’च्या गुणांवर थेट बीडीएसला जाता येते. त्यामुळे अमेरिकेतही ठरावीक पदवीनेच हा रस्ता उघडत असेल, असे आपल्या लोकांना वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात येथील डेंटल स्कूल विशिष्ट मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मागत नाहीत. ती विशिष्ट विषय मागतात. प्रयोगशाळेसह बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री आणि इंग्रजी, तर काही ठिकाणी मायक्रोबायोलॉजी, ॲनाटॉमी किंवा फिजिऑलॉजी असे हे विषय असतात. ते पूर्ण करून तुमच्या मुलीने अर्थशास्त्रात पदवी घेतली, तर तिचा अर्ज त्या कारणाने मागे पडणार नाही.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. डेंटल स्कूलचे अर्ज ज्या केंद्रीय व्यवस्थेतून जातात, ती विज्ञान विषयांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढते. बायोलॉजीच्या विद्यार्थिनीचे विज्ञानाचे पुष्कळ कोर्स होत असल्याने एखादा ‘सी’ त्यात पचून जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीचे मोजकेच असतात आणि तेथे तोच ‘सी’ सरासरी बराच खाली ओढतो. म्हणून तिने अर्थशास्त्र जरूर घ्यावे, पण पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री व बायोलॉजी, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक, तिसऱ्या वर्षी बायोकेमिस्ट्री व फिजिक्स असा क्रम सल्लागाराबरोबर पहिल्याच सत्रात बसवून घ्यावा. पदवीनंतर लगेच डेंटल स्कूलला जायचे असेल, तर अर्ज तिसरे वर्ष संपताच, जूनच्या सुरुवातीला करावा लागतो. अनेक कॉलेजे अर्ज येतील तसे पाहत जातात, त्यामुळे उशीर खरोखर महाग पडतो. डॅट ही प्रवेशपरीक्षा ऑरगॅनिक पूर्ण झाल्यावर द्यावी. तिच्यात फिजिक्स नसते, पण आकृत्या मनातल्या मनात दुमडणे, कोनांची तुलना करणे अशा ९० प्रश्नांचा स्वतंत्र विभाग असतो आणि त्याचा सराव कोणतीही पदवी करून देत नाही.

जोडअभ्यासक्रमाचा मोह मला समजतो, कारण त्यात एक वर्ष आणि एका वर्षाची फी वाचते. तरीही स्वीकारण्यापूर्वी त्याच्या अटी लेखी मागवा : किती जीपीए टिकवावा लागतो, डॅट द्यावी लागते का, आणि तीन वर्षांनंतर मुलीचे मन बदलले तर तिच्या हाती काय राहते. अशा बऱ्याच योजनांत बॅचलर पदवी डेंटल स्कूलचे पहिले वर्ष पार पडल्यावरच मिळते. सतराव्या वर्षी केलेला निश्चय प्रामाणिक असतो, पण तिने दवाखान्यात दंतवैद्याच्या शेजारी उभे राहून पुरेसे तास काढले नसतील, तर तो अजून पारखलेला नाही.

खर्चाचा विचार तर आजच करायला हवा. कर्ज काढून डेंटल स्कूल पूर्ण करणाऱ्यांवरचे सरासरी शैक्षणिक कर्ज अलीकडे तीन लाख डॉलरच्या आसपास असते. त्यातच २०२५च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६पासून अशा व्यावसायिक शिक्षणासाठी नव्या कर्जदारांना संघराज्य सरकारकडून वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच कर्ज मिळेल; उरलेली रक्कम स्वतः उभी करावी लागेल. म्हणून पदवीची चार वर्षे कर्जाविना किंवा अल्प कर्जात पार पडणे हे विद्यापीठाच्या नावापेक्षा मोलाचे आहे. खासगी विद्यापीठ भरीव शिष्यवृत्ती देत नसेल, तर मी राज्य विद्यापीठ आणि अर्थशास्त्र असाच सल्ला देईन.

प्रश्न : मुलाला पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्रीत ‘सी’ मिळाला. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) तोच कोर्स पुन्हा केला, तर जुना ग्रेड पुसला जाईल का?

उत्तर : नाही. त्याच्या विद्यापीठाने जुना ग्रेड वगळला, तरी केंद्रीय अर्जात दोन्ही ग्रेड धरले जातात. शिवाय काही डेंटल स्कूल कम्युनिटी कॉलेजच्या क्रेडिटांवर मर्यादा घालतात, म्हणून ज्यांत अर्ज करायचा आहे त्यांचे नियम आधी वाचावेत. पाया कच्चा राहिला असेल, तर कोर्स अवश्य पुन्हा करावा, कारण पुढचे ऑरगॅनिक त्यावरच उभे असते. विषय समजला असून केवळ परीक्षा बिघडली असेल, तर तेच श्रम ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्रीत ‘ए’ मिळवण्यासाठी खर्च करणे अधिक उपयोगाचे ठरेल. प्रवेश समित्या ग्रेडचा चढता क्रमही पाहतात.