‘माझे जू सोयीचे आहे’ यातलं जू नेमकं कसलं?

प्रश्न असा आलाय की बायबलातल्या मत्तय ११:२८-३० मध्ये येशू थकल्या-भागल्यांना विसावा देतो म्हणतो आणि लगेच पुढं ‘माझे जू आपणांवर घ्या’ म्हणतो, मग हा विसावा की परत जुंपणं? आणि जू म्हणजे जोखडच ना?

वस्तू म्हणून बघाल तर दोन्ही एकच, बैलांच्या खांद्यावर ठेवायचं आडवं लाकूड, पण जोखड म्हटलं की आज आपल्याला पारतंत्र्याचं, कर्जाचं असलंच काहीतरी आठवतं. जू हा शेतातला शब्द आहे, संस्कृत ‘युग’वरनं आलेला, आणि मूळ ग्रीक वचनातला ‘झुगोस’ त्याच कुळातला, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांनी घरचाच शब्द वापरला.

आता ‘सोयीचे’. इथं ग्रीकमध्ये ‘ख्रेस्तोस’ आहे, चांगला, उपयोगी, मायाळू अशा अर्थाचा, लूक ६:३५ मध्ये देव कृतघ्नांवरही दया करतो तिथं हाच शब्द आहे. त्यामुळं सोयीचं म्हणजे बिनकामाचं असं नाही होत. कोल्हापूरकडं ज्यांच्या दारात बैल आहेत त्यांना हे सांगायला नको, शिवळा (जुवाच्या टोकाच्या खुंट्या) नीट नसल्या, जोतं (गळ्याखालचा पट्टा) काचलं की बैलाचा खांदा येतो, म्हणजे सुजून दुखतो, आणि मग गाडी रिकामी असली तरी त्याला ओढवत नाही. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी हळद-तेल लावून बैलांचे खांदे चोळतात, खांदेमळणी करतात, ती उगीच नाही. जू खांद्याला बसणारं असेल तर तेच वजन ओढता येतं.

येशूनं नासरेथात सुतारकाम करताना नांगर नि जुवं बनवली असं दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं लिहून ठेवलंय, मला ते आवडतं पण अर्थ लावायला त्याची गरज नाही, कारण यहुदी लोकांत ‘नियमशास्त्राचं (मोशेच्या धर्मनियमांचं) जू’ ही रोजची बोली होती. गुरूचं जू घेणं म्हणजे त्याची शिकवण मानून चालणं, म्हणून तर लगेच ‘माझ्यापासून शिका’ आलंय. आणि पुढं मत्तय २३:४ वाचा, शास्त्री-परूशी, म्हणजे त्या काळचे यहुदी धर्मशिक्षक नि कडक नियम पाळणारे लोक, जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देतात नि स्वतः बोटही लावत नाहीत. ही दोन वचनं शेजारी ठेवली की माझ्या मते सगळं उलगडतं.

आपल्या मंडळीत हे कसं लावायचं? समजा एखादी बाई अंथरुणावरच्या सासूबाईंचं हगणं-मुतणं काढत्येय, रात्री झोप नाही, आणि आपण तिला विचारतो की काय हो, रविवारी उपासनेला दिसत नाही. हे आपण लादलेलं ओझं, येशूचं नव्हे. सासूबाईंची सेवा हे तिचं जू असेल, ते जडच आहे, पण त्यात आपण शनिवारी रात्री जाऊन दोन तास बसलो तर तिचा खांदा येणार नाही. वचन कळलं म्हणजे काय तर एवढं करायला घराबाहेर पडणं, असं मला मनापासून वाटतं.

जू कायम चांगलंच असंही नाही, बायबलातल्याच गलतीकरांस पत्रात (५:१) दासत्वाचं जू आहेच, तेव्हा कुणाचं जू ते बघावं लागतं.

आणि वचन मोठ्यानं वाचणाऱ्यांसाठी, ते जू, अनेकवचन जुवं, विभक्तीत जुवाला, जुवाखाली. ‘जूला’ नको.