रेस सोडली की चेनसॉ बंद पडतो आणि बारवर ऑईलही येत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की रेस सोडली की मशीन बंद पडतं, आयडलचा (रेस न देता इंजिन ज्या वेगाने चालतं त्याचा) स्क्रू आत पिळला तर चालू राहतं पण मग चेन आपोआप फिरते, आणि वर बार (चेन ज्या पट्टीवर फिरते ती) तापून धूर येतो. माझ्या जुन्या चेनसॉने हे दोन्ही त्रास मला एकदमच दिले होते आणि मीही आधी स्क्रूच्याच मागे लागलो होतो, त्यात दोन रविवार गेले.

आधी तो स्क्रू, एलए किंवा टी लिहिलेला, परत मागे घ्या. क्लच (इंजिनचा जोर चेनला देणारा भाग) साधारण ३५०० ते ४००० आरपीएमला धरतो आणि आयडल २५०० ते ३००० च्या आसपास पाहिजे, म्हणजे तुम्ही रोग तसाच ठेवून नुसती रेस वाढवलीय, आणि हातात फिरती चेन घेऊन चालताय ते वेगळंच. आयडल खाली आणूनही चेन फिरत राहिली तर क्लचची स्प्रिंग गेली असणार, ती बदला.

मग कार्बोरेटरला हात लावायच्या आधी साध्या गोष्टी बघा. एअर फिल्टर धुवा, महिनोन् महिने टाकीत पडलेलं पेट्रोल असेल तर फेकून मॅन्युअलप्रमाणे ताजं मिक्स भरा (५०:१ असेल तर लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑईल), आणि टाकीतला पेट्रोल फिल्टर तारेच्या हुकने बाहेर ओढून बघा, माझा काळा कुळकुळीत निघाला होता. पाईप दाबून बघा, कडक होऊन चिरला असेल तर हवा ओढतो. एवढं करूनही बंद पडत असेल तरच एल स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरवरचा कमी रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा. बऱ्याच मॉडेलला तो हलक्या हाताने पूर्ण बसवून एक आटा उघडायचा, इंजिन गरम करायचं आणि झटकन रेस द्यायची. अडखळलं तर पेट्रोल कमी पडतंय, थोडा उघडा. भकभक धूर काढत जड चाललं तर थोडा बंद करा. एच स्क्रूला (पूर्ण रेसच्या पेट्रोलचा) मात्र हात नको, तो जास्त बंद झाला की पिस्टन जॅम होतो.

आणि रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता वरच रेंगाळत असेल, सेटिंग कुठेच टिकत नसेल, तर एअर लीक आहे. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं रबर वाकवून चिरा बघा. क्रँकचं सील असेल तर सरळ मेकॅनिककडे द्या, ते प्रेशर लावून तपासावं लागतं.

आता ऑईल. बऱ्याच मशीनमध्ये ऑईलचा पंप क्लच ड्रमवर फिरतो, म्हणजे चेन थांबलेली असताना ऑईल येतच नाही, आयडलला बघून पंप गेला म्हणू नका. मी तसंच म्हणून नवीन पंप आणला होता! नंतर बार काढला तर मशीनच्या ज्या भोकातून ऑईल बाहेर येतं तिथे भुसा आणि ऑईल मिळून डांबरासारखा गोळा बसलेला, टाचणीने उकरला तर वाटीभर निघाला असं वाटलं. तर प्लगची कॅप काढा, हातमोजे घाला, बार काढा, ते भोक, बारचं भोक आणि बारची खाच नीट साफ करा. बार उलटवून लावा म्हणजे झिज सारखी होते. टाकीतली ऑईलची जाळी धुवा, झाकण सैल करून ऑईल यायला लागलं तर हवेचं छिद्र बुजलंय. जळकं इंजिन ऑईल टाकत असाल तर बंद करा, त्यातला कचरा पंपच खातो.

सगळं जोडलं की बारचं टोक कोरड्या फिकट लाकडासमोर वीतभर अंतरावर धरून रेस द्या, अर्ध्या मिनिटात ऑईलची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर ऑईलचा ॲडजस्टिंग स्क्रू वाढवा, तरी नाही तर क्लचमागचं पंप फिरवणारं वर्म गिअर झिजलं असेल. आणि क्लच खोलायला गेलात तर बहुतेक ठिकाणी उलटे आटे असतात, मी पान्याला पाईप लावून सरळ बाजूने जोर लावला आणि चांगला घट्ट करून बसलो.