दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रोग्रॅम टाकताना

प्रश्न : मी चादर-टॉवेलची जेकॉर्ड डिझाइन करतो. संगणकात विंडोज 11 असलेली 120 जीबीची एसएसडी आहे आणि ती भरत आली आहे. आता 1 टीबीची हार्ड डिस्क बसवली. सी ड्राइव्हमधलं ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर कॉपी करून डी वर टाकलं आणि मूळ काढून टाकलं, तर चालेल का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : नाही. मूळ फोल्डर अजून तसंच असेल तर हात लावू नका. प्रोग्रॅम बसवताना फक्त एक फोल्डर तयार होत नाही. त्याचा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, शेकडो ठिकाणी लिहिला जातो, काही डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या सहायक) फाइल्स विंडोजच्या फोल्डरमध्ये जातात, सेटिंग्ज वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये राहतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला डाँगल (लायसन्ससाठी पोर्टात लावायची चावी) असेल तर त्याचा ड्रायव्हरही सी वरच असतो. फोल्डर हलवलं तरी हे सगळे पत्ते जुन्याच जागी बोट दाखवत राहतात. रजिस्ट्रीत ‘प्रोग्रॅम फाइल्स’ची जागाच बदलण्याचा उपाय कुणी सुचवला तर तोही करू नका, मायक्रोसॉफ्ट त्याला पाठिंबा देत नाही.

खरं तर आधी प्रोग्रॅम हलवायची गरज आहे का, तेच पाहा. बहुतेकदा जागा खातात त्या फाइल्स. ‘डॉक्युमेंट्स’वर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ टॅबवर जाऊन ‘मूव्ह’ने डी वरची जागा द्या. ‘पिक्चर्स’ आणि ‘डाउनलोड्स’चंही तसंच.

तरीही जागा कमी पडली तर सेटिंग्ज, ॲप्स, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मध्ये आकारानुसार यादी लावा आणि वरचे दोन-तीन प्रोग्रॅमच निवडा. काढण्यापूर्वी लायसन्स डीॲक्टिव्हेट करा, नाहीतर पुन्हा बसवताना ‘मर्यादा संपली’ असा संदेश येऊ शकतो. रंगांचे पॅलेट आणि स्वतःची सेटिंग्ज वेगळी जपून ठेवा. मग रीतसर अनइन्स्टॉल करून पुन्हा बसवा. या वेळी सलग ‘नेक्स्ट’ दाबत जाऊ नका. ‘कस्टम’ किंवा ‘ब्राउज’ दिसेल तिथे थांबून डी वरची जागा द्या, आणि प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र फोल्डर द्या. थेट डी च्या मुळाशी बसवलेला एखादा प्रोग्रॅम पुढे काढताना शेजारच्या फाइल्सही पुसून टाकू शकतो.

दोन गोष्टी हमखास अडवतात. डी वर भरपूर जागा असूनही ‘जागा अपुरी’ असा संदेश येतो, कारण इन्स्टॉलर आधी सी वरच्या ‘टेम्प’ फोल्डरमध्ये स्वतःला उलगडतो. त्यामुळे सी वर किमान 10 जीबी मोकळी ठेवा. दुसरं, डी वर तुम्ही तयार केलेल्या फोल्डरमध्ये संगणकावरचा कुठलाही वापरकर्ता बदल करू शकतो. सी वरच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ला असलेलं संरक्षण तिथे नसतं. कारखान्यात एकच संगणक चौघे वापरत असतील तर त्या फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमधून लिहिण्याची परवानगी फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला ठेवा.

वेगाचंही सांगायला हवं. फिरती हार्ड डिस्क साधारण 100 ते 200 एमबी प्रति सेकंद देते, साटा (डिस्क जोडण्याची नेहमीची केबल) एसएसडी 500च्या आसपास. रोज उघडायचं डिझाइन सॉफ्टवेअर एसएसडीवरच ठेवा, जुनी डिझाइन्स हार्ड डिस्कवर न्या. आमच्या मते तुमच्या कामाला हीच विभागणी योग्य आहे.

प्रश्न : नवी डिस्क जोडली, पण ‘धिस पीसी’मध्ये दिसतच नाही.
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथेही नसेल तर संगणक बंद करून साटाची डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही पुन्हा घट्ट बसवा. कॅबिनेट उघडलंच आहे, तर पंख्यात अडकलेली सुताची लवही काढा. यंत्रमागांच्या आसपास ती फार लवकर साचते आणि डिस्क तापते.

डिस्क तिथे ‘नॉट इनिशियलाइज्ड’ अशी दिसली आणि ती कोरी असेल, तर इनिशियलाइज करा (म्हणजे वापरासाठी तयार करा), विभागणीच्या पद्धतीत जीपीटी निवडा, मग ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, फाइल सिस्टिम एनटीएफएस आणि ड्राइव्हचं अक्षर द्या. जुन्या डिस्कवर डेटा असेल तर मात्र इनिशियलाइज दाबू नका. आधी डेटा काढून घ्या.

प्रश्न : ऑफिस आणि क्रोम जागा विचारतच नाहीत. काय करावं?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ते सी वरच राहू द्या. त्याऐवजी हायबरनेट (चालू काम डिस्कवर जपून संगणक बंद करण्याची सोय) बंद करा. डेस्कटॉपवर त्याची क्वचितच गरज पडते आणि रॅमच्या प्रमाणात काही जीबी मोकळी होतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले बरेच ॲप ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’मधल्या तीन ठिपक्यांखालच्या ‘मूव्ह’ने हलतात. त्यासाठी दुसरी डिस्क एनटीएफएस असावी लागते.

प्रश्न : यूएसबीच्या डिस्कवर टॅली बसवलं तर?
– एक वाचक, नवी पेठ

उत्तर : नको. दुसऱ्या पोर्टात लावल्यावर किंवा आधी पेन ड्राइव्ह जोडलेला असल्यास अक्षर बदलू शकतं आणि शॉर्टकट तुटतो. लिहिणं चालू असताना केबल हलली तर हिशेबाची फाइल बिघडते. टॅली आतल्या डिस्कवर ठेवा, डेटाचं फोल्डर टॅलीतच वेगळं देता येतं, ते डी वर द्या. यूएसबीची डिस्क रोजच्या बॅकअपला वापरा, आणि काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढा.